झाकणाच्या आतला आकडा

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. "काका, आप्पा गेले," ती म्हणाली. आणि मग, "तो जुना सेट तुम्हाला द्या म्हणून सांगून गेलेत." आप्पांचं वय झालं होतं, गेली काही वर्षं ते नांदेडला लेकीकडे, या सुनंदाकडेच असत. बातमी अनपेक्षित नव्हती, पण सेटचं ऐकलं आणि मी शटर परत खाली ओढलं. मातीला उभ्या उभ्या जाऊन आलो. घरी मात्र गेलो नाही. कधी गुडघा, कधी गिऱ्हाईक, अशी निमित्तं काढत तीन आठवडे घालवले.

आप्पा लातूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, नवीन साहेब लोक येत होते आणि ज्याला त्याला दिवाणखान्यात स्टिरिओ हवा होता. मी दुकान टाकलं आणि रिसीव्हर विकू लागलो. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच खोक्यात. पाठीमागे चकचकीत लेबल, शंभर वॅट. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एकदा आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "घागर एकडाव उचलणं येगळं, दत्ता, आन् ती डोक्यावर घिऊन कोसभर चालणं येगळं. ह्ये लेबलवाले नुस्तं उचललेलं सांगायलेत." दुसऱ्या दिवशी ते थर्मामीटर घेऊन आले. स्पीकरऐवजी तेवढ्याच ओहमची तार जोडली, ती मोजून पाच लिटर पाण्याच्या बादलीत सोडली, बादलीभोवती गोधडी गुंडाळली आणि सेटवर एकच सूर लावून आवाजाचं बटण सूर फाटायच्या अलीकडे नेऊन ठेवलं. सेट पूर्ण जोरात, आणि दुकानात चिडीचूप... नुसतं पाणी तापत होतं. तासाभरानं आप्पांनी पारा बघितला, पाणी किती तापलं त्यावरून खरे वॅट किती याचा हिशेब केला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक पेन्सिलीनं लिहिलं, चाळीस. त्या कोमट पाण्यानं माझ्या आईनं पाय शेकले. पुढे आप्पा प्रत्येक सेट असाच तपासू लागले, आणि लोक लेबल वाचायचे सोडून झाकण उघडून आप्पांचा आकडा बघू लागले. खोटं कशाला बोलू, माझं दुकान त्या पेन्सिलीवर चाललं.

मग पाऊस हटला. विहिरी आटल्या, गल्लीत टँकर येईल तेव्हा येईल. आप्पांनी बादली पालथी घातली. तार बुडवलेलं पाणी पिता येत नाही, आणि पिण्यापलीकडे पाणी उरलं नव्हतं. "पाऊस पडंपर्यंत मी आकडा घालणार न्हाई," त्यांनी बजावलं. त्याच उन्हाळ्यात त्यांचा जावई, सुनंदाचा नवरा, नांदेडहून आला. त्याला दुपारच्या बसनं परतायचं होतं आणि सासऱ्यांनी तपासलेलाच सेट हवा होता. नवा माल तपासलेला नव्हता. पण तीच कंपनी, तेच मॉडेल, आधीचे सगळे चाळीस भरलेले. मी आत गेलो आणि आप्पांच्या वळणानं लिहिलं, चाळीस. नव्या मालात कंपनीनं आतला ट्रान्सफॉर्मर लहान टाकला होता, तो चाळीस पेलणारा नव्हता, हे मला माहीत नव्हतं... माहीत करून घेतलं नव्हतं.

आप्पांच्या नातवाच्या बारशाला जावयानं चाळिसाच्या भरवशावर मोठे स्पीकर जोडले. काचेच्या कपाटात सेट दिवसभर वाजत राहिला. धूर निघाला, पडदा पेटला. सुनंदानं बाळ बाहेर दिलं आणि उजव्या हातानं तो सेट ओढून अंगणात टाकला. तिची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

आप्पा जळका सेट घेऊन लातूरला आले. झाकण उघडून त्यांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी गल्ल्यामागे उभा होतो. त्यांनी चहा घेतला, आईची चौकशी केली आणि सेट काखेत मारून गेले. पुढे पाऊस पडला, पण थर्मामीटर घेऊन ते पुन्हा आले नाहीत. चहाला यायचे, गप्पा मारायचे. दर वेळी वाटायचं, आज बोलतील. तीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत भीत राहिलो.

परवा शेवटी नांदेडला गेलो. सेट आप्पांच्या खोलीत, खिडकीखाली होता. त्यांनी तो दुरुस्त केला होता आणि रोज बातम्या त्याच्यावरच ऐकायचे, हळू आवाजात. सुनंदानं झाकण काढून दाखवलं. काळवंडलेल्या पत्र्यावर माझा चाळीस, आणि खाली आप्पांच्या बारीक अक्षरात, अठरा.

"वरचा आकडा माझ्याकडूनच चुकला, म्हणायचे आप्पा," ती म्हणाली. "ह्यांनी त्यावरून लई बोललं त्यांना. मी पण दोन वर्षं माहेरला गेले न्हाई. ते मान खाली घालून ऐकायचे."

तिच्या बोटांकडे बघत मी म्हणालो, "वरचा माझा आहे, सुनंदा. पाणी नव्हतं. मी न तपासताच लिहिला."

तिनं झाकण परत सेटवर ठेवलं. मग आखडलेल्या बोटांनी एकेक स्क्रू पुन्हा बसवत म्हणाली, "मग ह्यो सेट इथंच राहू द्या, काका."

मी रिकाम्या हातानं लातूरची बस धरली. तो सेट त्या खिडकीखालीच आहे. आप्पांचा आकडा अठरा होता.