विमान म्हणजे काय
कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि गुरुजींनी शाळेत बक्षीस दिलेला संस्कृत शब्दकोश हाती लागला. 'विमान' या शब्दापुढं माझंच पेन्सिलीतलं अक्षर आहे, त्यांनीच समजावलेला अर्थ: सात मजली राजवाडा. ओतूरच्या त्याच शाळेत मी नुकतीच संस्कृत शिकवायला लागले होते, नोकरी अजून कच्ची होती, तेव्हाची गोष्ट. गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांनी एक श्लोक म्हटला आणि आपल्याकडं हजारो वर्षांपूर्वी विमानं उडायची, असं सांगून टाळ्या घेतल्या. तापलेल्या मांडवात पहिल्या रांगेतून निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, "या श्लोकातलं विमान उडत नाही. त्याला जिने आहेत, त्यात माणसं राहतात." शिट्ट्या सुरू झाल्या. "म्हंजे आपल्या पूर्वजांना कायच येत न्हवतं व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. संस्थेच्या अध्यक्षांनी हसत हसत माईक माझ्यापुढं धरला. "बाई, तुमी तर यांच्याच विद्यार्थिनी. तुमीच सांगा, विमान म्हंजे काय?" गुरुजी माझ्याकडं अगदी निर्धास्त बघत होते, तोंडी परीक्षेला बघायचे तसे. मी म्हणाले, "विमान म्हणजे विमानच." टाळ्या थांबेनात. गुरुजींनी टोपी नीट केली आणि इतकी वर्षं मला 'पोरी' म्हणणारा तो माणूस हळूच म्हणाला, "बरं, बाई." त्यानंतर मरेपर्यंत ते शाळेची पायरी चढले नाहीत. मी कायम झाल्याची ऑर्डर त्याच उन्हाळ्यात आली. आजही वर्गात तो शब्द आला, की मी मुलांना पान उलटायला सांगते.