काचेच्या कपाटातले बूट

टाकेकाका चाळीस वर्षे डोंगरावर जाणाऱ्यांचे बूट शिवत होते आणि स्वतः मात्र त्या डोंगरावर एकदाही गेले नव्हते. त्यांचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत ठोकायचा लोखंडी पाय, शिलाईचे यंत्र, छताला टेकलेल्या फळ्या आणि रस्त्याकडे तोंड करून एक काचेचे कपाट. गिऱ्हाईक काउंटरवर बूट ठेवी, काका ते उलटे करत आणि माणसाच्या तोंडाकडे न बघताच विचारत, "झऱ्याकडून उतरलात वाटतं?" खाचांत लाल माती दिसली की झरा. बाहेरची कड घासलेली असली की पलीकडची कलती वाट. चवडा सोललेला असला की दगडी पायऱ्या. देव एकेकाला एकेक पुस्तक वाचायला देतो, काकांना त्याने बुटांचे तळ दिले होते.

त्यांची लेक इस्पितळात नर्स. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे बघून तिला बापाच्या गुडघ्याची धास्ती बसली होती. आई गेल्यापासून बाबा एकटे, घर चौथ्या मजल्यावर, त्यात मागे एकदा जिन्यावर पाय घसरला. तिने आपल्या घरात त्यांच्यासाठी खोली तयार करून ठेवली होती. नवे पडदे, खिडकीशी आरामखुर्ची, उशाशी दिवा. दुकान बंद करा आणि स्वस्थ बसा, एवढेच तिचे म्हणणे. काका तीन महिने "हो, हो, बघू" म्हणून वेळ मारून नेत होते. शेवटी एकदा जेवताना तिने विषय धरूनच ठेवला, तेव्हा काकांचाही तोल गेला. डोंगराची ती बारा किलोमीटरची गोल वाट फिरून मी चार वाजायच्या आत परत आलो, तर खोलीचे नाव काढायचे नाही, असे ते म्हणाले. नाही आलो, तर दुकानाची किल्ली तुझ्या हातात. लेक लगेच "चालेल" म्हणाली. तिने जरा तरी विचार करायला हवा होता, असे काकांना वाटून गेले.

आता प्रश्न आला बुटांचा. फळ्यांवर दीडशे जोड होते, पण सगळे दुसऱ्यांचे. सहा सहा वर्षे न्यायला कोणी आले नाही, तरी त्यात पाय घालणे काकांच्या धर्मात बसत नव्हते. माणूस कधीही येऊ शकतो. मग नजर गेली काचेच्या कपाटाकडे. त्यात काकांनी उमेदीच्या काळात आपल्या हाताने शिवलेला एक जोड होता, गिऱ्हाइकांना नमुना म्हणून ठेवलेला. बावीस वर्षे दर शनिवारी त्याला पॉलिश होत होते आणि जमिनीला तो एकदाही टेकला नव्हता. कसा मापात बसला! काकांनी आरशात पाय बघून घेतले.

रविवारी नऊ वाजता दोघे वाटेच्या तोंडाशी उतरले. काकांनी डोंगराला हात जोडले, लेकीने नकाशा उघडला. पानगळ ऐन भरात होती. वर पिवळे, खाली विटकरी, आणि मधून माणसे चालली की चुरचुर असा आवाज. लेक नकाशा बघेपर्यंत काका सांगून मोकळे होत. आता डावीकडे कलंडायचं. आता पायऱ्या, चवडे जपून. आणि खरोखर पुढच्या वळणावर पायऱ्या निघत. मात्र ओल्या पानांचा वास, झाडांतून तिरपे येणारे ऊन, हे कुठल्या बुटाने त्यांना सांगितले नव्हते. ते मध्येच थांबत आणि दम लागला असे खोटेच सांगत.

माथ्यावर त्यांनी अंडी, पाव आणि सफरचंदे खाल्ली तेव्हा साडेबाराच वाजले होते. गुडघा गुपचूप होता. काका शीळ वाजवत उतरू लागले.

मागून लेक जरा बिचकत चालली होती. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने काळे, भुसभुशीत खडे पडलेले दिसत होते आणि ती ते ओलांडून पाय टाकत होती. शेवटी तिने हळूच सांगितले, "बाबा, इथे कुठलं तरी जनावर फिरतंय. आत्ताच गेलेलं दिसतंय."

काकांनी एक खडा उचलला, बोटांत चुरला आणि मटकन ओंडक्यावर बसले. "जनावर मीच," ते म्हणाले.

त्यांनी बूट काढून गिऱ्हाइकाचा करावा तसा उलटा केला. सोल शिळ्या केकसारखा सुटून चालला होता. दुसऱ्याचीही तीच गत. वरचे चामडे आरशासारखे लखलखत होते आणि खालून मोजा दिसत होता. आता यात वाचण्यासारखे काही नव्हते, सगळे काकांना पाठच होते. दुकानात त्या कपाटाच्या अगदी वरच पाटी होती: सोल चालून झिजतो, ठेवून कुजतो. आलेल्या प्रत्येकाला काका ती बोट दाखवून वाचायला लावत. त्या बोटाखालच्या बुटांकडे मात्र बावीस वर्षे त्यांचे लक्ष गेले नव्हते.

"ती पाटी मी लिहिली होती, बाबा," लेक म्हणाली. "आठवीत असताना."

आधी ती हसली, मग ते हसले, आणि मग दोघांनाही आवरेना.

खिशात चामडे टोचायची आरी आणि मेण लावलेला दोरा होताच. त्यावाचून काका घराबाहेर पडतच नसत. चामड्यासाठी त्यांनी कमरेचा पट्टा काढला, लेकीच्या चाकूने त्याचे तुकडे केले आणि ते बुटांच्या तळाला आडवे लावून टाके घालायला घेतले. लेक दोरा ताणून धरत होती. जाणाऱ्या एका जोडप्याने ओळखून विचारले, "काका, इथेही शाखा काढलीत?" काकांनी मान वर न करता त्यातल्या पुरुषाला सांगितले, डाव्या बुटाची टाच झिजलीय, दुकानात दाखवायला आणा. दोन्ही बूट उभे राहीपर्यंत दीड तास गेला.

पुढची वाट काका एका हाताने पँट धरून उतरले. लाकडी पुलावर लेकीच्या घड्याळात चार वाजले आणि मोटार अजून तासभर लांब होती. दोघांनीही ते पाहिले आणि चालत राहिले. शेवटी पोचल्यावर काकांनी खिशातून किल्ली काढून तिच्या पुढे धरली.

"शब्द म्हणजे शब्द, पोरी."

तिने ती घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली. तिने नको म्हटले असते तरी चालले असते, असे काकांना वाटले. गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी तिने घराच्या दाराशी न लावता दुकानासमोर लावली. कुलूप उघडून दिवा लावला आणि काउंटरमागच्या उंच स्टुलावर जाऊन बसली. शाळेतून आल्यावर ती तिथेच बसून गिऱ्हाइकांना द्यायच्या पावतीच्या चिठ्ठ्या फाडत असे.

"ठेवा वर," ती म्हणाली.

काका गोंधळले, पण त्यांनी बूट काढून काउंटरवर ठेवले आणि मोज्यांनिशी उभे राहिले. तिने बूट उलटे केले, पट्ट्याचे टाके बोटाने ओढून पाहिले. एकही हलला नाही.

"गुडघा कसा आहे?"

"बुटांपेक्षा बरा," काका म्हणाले.

तिने चिठ्ठीवर लिहिले: सोल नवीन, दोन्ही. मग विचारले, "कधी हवेत?"

आणि काकांच्या उत्तराची वाट न बघता तिनेच लिहून टाकले: शनिवार. अर्धी चिठ्ठी बुटाच्या नाडीत अडकवली आणि उरलेल्या अर्धीबरोबर किल्ली पुढे सरकवली. खोली काही कुठे जात नाही, शनिवारी रात्री मुक्कामाला या, म्हणजे रविवारी सकाळी लवकर निघता येईल, असे ती म्हणाली. या वेळी चारच्या आत परतायचे.

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"आणि एक पट्टा घ्या, बाबा."