मसणवट्यातलं जनावर

खाडीकडच्या एका गावात मढी उकरणारं जनावर फिरतंय, ही बातमी मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मोबाइलवर कळली आणि माझं डोकंच फिरलं. अंगावर केस नाहीत, माणसासारखे हात, तान्ह्या पोरासारखं रडतं म्हणे! सोबतच्या व्हिडिओत खरजेनं केस गळालेलं एक उदमांजर बिचारं भिंतीवरून चाललं होतं. डोंबिवलीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी तो व्हिडिओ मला दिवसभर पाठवला. इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवून हेच बघायचं का, असं मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमचा लॅब अटेंडंट माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. ते गाव त्याचंच होतं, शीळफाट्याच्या पुढे, आता चहूबाजूंनी टॉवर. आठवड्यापूर्वी त्याचं तीन दिवसांचं बाळ गेलं होतं. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्यानं स्वतःच्या हातानं पुरलेलं. काल सकाळी तो खड्डा उकरलेला सापडला. आत काही नव्हतं.

"मॅडम, ते जनावरच आहे," तो म्हणाला. "तुम्ही येऊन बघा आणि घरी तसं सांगा. बायको जेवत नाय. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती."

मला वाटलं, ह्याला खरं काय ते हवंय. अठरा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेला माणूस, माझ्याकडे दुसरं काय मागणार?

आम्ही लगेच निघालो. गावकऱ्यांचा मुद्दा एकच होता. बाळ पुरलं की कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर जड दगड रचतात. ते दगड कुत्र्यांना हलतील का? म्हणजे हात असलेलंच काहीतरी असणार. मुद्दा तसा वाईट नव्हता. मी त्याला विचारलं, दगड केवढे होते? "मोठे होते," तो म्हणाला आणि ठशांचे साचे घ्यायला आणलेली प्लास्टरची पिशवी उचलून पुढे चालू लागला.

खड्ड्याभोवती खाडीच्या चिखलात ठसे छान उमटले होते. पाच बोटं दिसली तर उदमांजर किंवा त्याच्यासारखं काही. चार बोटं आणि पुढे नखं, तर कुत्रं. प्लास्टर त्यानंच कालवलं, नेहमीसारखं, एकही गुठळी होऊ न देता. झुडपाला अडकलेले केस मी कागदात घेतले. लॅबमध्ये काचेवर बिनरंगी नेलपॉलिश लावून त्यात केसाचा ठसा घेतला आणि कॉलेजच्या गेटवरच्या कुत्र्याच्या केसाशेजारी ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्ही सारखे. ठशांत बोटं चारच. राक्षस नाही, उदमांजरही नाही. मला चक्क आनंद झाला! आज त्याची लाज वाटते.

राहिले दगड. आसपास एकही पडलेला नव्हता आणि चिखलात ओढल्याची खूणही नव्हती. उत्तर तिथेच होतं. पण मी ते त्याला आधी सांगितलं नाही. दोघांना एकदमच सांगू म्हटलं. ह्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

बायका मसणवट्यात जात नाहीत. त्यामुळे त्याच्या बायकोला माहीत होतं ते तेवढंच, जे तो घरी येऊन बोललेला. आम्ही घरी पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. ठसे कुत्र्यांचे. केस कुत्र्यांचे. कुत्र्यांना जड दगड हलत नाहीत. "म्हणजे दगड तिथे नव्हतेच."

बोलून झाल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

"तुम्ही तर पाच ठेवलेत बोललेलात," ती म्हणाली.

तो दारापाशीच खाली बसला. मग म्हणाला, "एवढंसं होतं गं ते. मी एक दगड ठेवून बघितला. मला वाटलं, दुखेल त्याला. उचलला परत आणि खाडीत टाकला."

अरे देवा! ह्या माणसाला खरं काय ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला माझ्याकडून एक खोटं जनावर हवं होतं, दोघांना जगता येईल एवढंच. ते देणं माझ्या हातात होतं. उदमांजर म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

बायको त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, कुत्री किती होती?"

मला कळत होतं की गप्प बसायचं. पण ठशांचे आकार वेगवेगळे होते, मी ते मोजलेले, आणि कोणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं हीच जन्माची सवय.

"तीन," मी म्हणाले.