इन्साफचा हसरा चेहरा

पडदा उघडतो तो अलेक्झांड्रियातल्या एका दवाखान्यात. वर कुरकुरणारा पंखा, बाकांवर चहाचे पेले धरून बसलेले रुग्ण, आणि मधोमध काळ्या शालीतली इन्साफ, हातातला मोबाइल डॉक्टर नाहिदच्या टेबलावर आपटत.

"बंद केलंस? कुणाला विचारून?"

या बाईने तीस वर्षं नाटक कंपनीत नटांचे कपडे सांभाळले. राण्यांचे झगे शिवले, राजांच्या ढेऱ्या पट्ट्यांत कोंबल्या, विंगेत थरथरणाऱ्या कितीतरी नवख्या पोरींच्या पाठीवरून हात फिरवला. मग नाट्यगृह पाडलं. त्याच वर्षी नवरा गेला, आणि इन्साफला जगणंच नकोसं झालं.

तेव्हा नाहिदने तिला एका चाचणीत घेतलं. मरणाचे विचार येणाऱ्यांना मोबाइलवरचे उपचार खरंच तारतात का, ते पाहायचं होतं. रोज सकाळी मोबाइल विचारायचा, 'आज कशी आहेस?' खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत चेहरे. मग एक आवाज सांगायचा: विचार लाटेसारखा येईल, ओसरेल, तोवर कुणाला तरी हाक मार. इन्साफ समोरच्या बाल्कनीतल्या बाईला हाक मारायची. लाट ओसरायची.

आज आवाजच नव्हता. नुसती एक ओळ: अभिनंदन, तुमचा उपचार पूर्ण झाला.

"मावशी," नाहिद समजावू लागली, "तुम्ही रोज हसरा चेहरा दाबलात. बऱ्या झालेल्यांचा उपचार थांबवायचा, असं ठरलंय."

"मग काय दाबू? कशी आहेस विचारल्यावर माणूस 'अल्हम्दुलिल्लाह, देवाची कृपा'च म्हणतो! घरात मयत असलं तरी! तुझी आई काय म्हणते गं?"

बाकावरचा म्हातारा खाकरला. "मीपण हसराच दाबतो. देवाची तक्रार काय मोबाइलकडे करायची?"

"मीपण," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"बघ! सगळे ठणठणीत! दे सोडून सगळ्यांना मरायला!"

ज्यांनी ते चेहरे आखले, ते या शहरातल्या एका तरी घरी कधी पाहुणे म्हणून बसले होते का?

नाहिदचा चेहरा उतरला. तिने इन्साफला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "मावशी, मरावंसं वाटतं का अजून?"

इन्साफचा आवाज फाटला, पण खाली आला नाही.

"हे विचारायचं होतंस पहिल्या दिवशी! वाटतं. काल संध्याकाळीसुद्धा वाटलं. लिही ते, आणि माझा आवाज मला आत्ताच्या आत्ता परत दे!"