आईची हाक आणि डोळ्यांतले थेंब

तमाम मासेखाऊ जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकात बोईसरच्या बाजारातला सर्वांत दमदार आवाज माझ्या आईचा होता. याबाबत कोणाचीही हरकत ऐकून घेतली जाणार नाही.

किनाऱ्यावरच्या घिवली गावाहून मासळीची पाटी घेऊन ती सकाळच्या एसटीने यायची. तिने "बोंबीऽऽल" अशी हाक दिली की रिक्षावालेसुद्धा हॉर्न थांबवत. मी तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला होते. 'ती माझी आई' हे मी कोणी न विचारताच सांगायचे.

मग तिला काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घालायला थेंब दिले. थोड्याच दिवसांत तिला धाप लागू लागली, छातीतून शिट्टी वाजू लागली. हाक 'बों'वरच तुटायची आणि गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे सरकायचं. घरच्यांनी कारखान्यांच्या धुराला शिव्या घातल्या. त्यातल्या दोन-चार माझ्याही वाट्याला आल्या. हाक नाही तर बाजार नाही, हे आईला कळत होतं.

एका संध्याकाळी मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

"मावशी, औषधं कुठली चालू आहेत?"

"काय नाय," आई तोऱ्यात म्हणाली. "जन्मात गोळी खाल्ली नाय."

आमच्याकडे औषध म्हणजे पोटात जातं ते. डॉक्टरांनी तपासलं आणि थोडा वेळ बाहेर बसवलं. थेंबांची वेळ झाली तशी आईने कनवटीची बाटली काढली, मान मागे टाकली आणि भर दवाखान्यात दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. काही वेळाने शिट्टी अशी सुरू झाली की डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. त्यांची नजर बाटलीवर गेली.

"मावशी, हे औषध नाही का?"

"ते डोल्याचं हाय. तुमी छातीचे डाक्टर."

डॉक्टर हसले नाहीत, मी हसले. त्यांनी समजावलं, डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो, आणि हे औषध काहींच्या श्वासनळ्या आवळतं. त्यांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे थेंब बदलून मिळाले.

पुढे एके दिवशी मी मुद्दाम बाजारातून कामावर निघाले. आईने पदर खोचला, छाती भरून घेतली आणि हाक सोडली. ती पार स्टेशनपर्यंत पोचली, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. मी ताठ मानेने चारी बाजूंना पाहिलं. शेजारच्या पाटीवरची बाई मात्र हातातलं पापलेट खाली ठेवून सुनेला म्हणाली, "बरी झाली वाटतं मेली. आता आपलं कोन ऐकतंय."