बारदानासह वीस किलो सहाशे

मी मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, मापाडी. पोतं काट्यावर चढलं की माझा आवाज शेडच्या बाहेर जातो. मला हळू बोलायला सांगणाऱ्यांची मला मनापासून दया येते.

माझे दाजी टेम्पो चालवतात. शेंद्र्याहून भुसा आणताना चिकलठाण्याजवळ पोलिसांनी टेम्पो अडवला आणि भुशाखाली दोन पोती गांजा निघाला. दाजी म्हणाले, माल भरणाऱ्यानं घातला, मला ठाऊक नाही. मी विश्वास ठेवला. चोरून खाल्लेला लाडू संध्याकाळपर्यंत कबूल करणारा माणूस आहे तो. पण सात महिने झाले, ते तुरुंगातच.

वकीलबाईंनी माझ्या बहिणीला, अक्काला, आणि मला समोर बसवलं. "साध्या गुन्ह्यात आरोपी पळणार नाही एवढं पटलं तरी पुष्कळदा जामीन होतो. गांजा वीस किलोच्या वर गेला की तसं नाही. हा माणूस दोषी नसावा, असं न्यायाधीशांना आधी वाटायला हवं."

"खटला चालायच्या आधीच?"

"व्हय, काका."

"म्हणजे लग्न लावून मग पोरगी बघायला जायचं!"

अक्का पदराआड हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा.

मी पंचनाम्याची प्रत मागून घेतली. 'बारदानासह वीस किलो सहाशे ग्रॅम.' मी खुर्चीतून उठलोच. मोंढ्यात कालचा आलेला हमालसुद्धा बारदानाचं, रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करतो!

"बाई, असलं तागाचं मोठं पोतं नऊशे ग्रॅम भरतं. दोन पोती काढा. काय उरलं?"

बाईंनी कागदावर आकडा मांडला आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. अठरा किलो आठशे.

तारखेला मी तसंच एक रिकामं पोतं काखेत मारून कोर्टात गेलो. फाटकावरच्या हवालदारानं अडवलं.

"हे काय?"

"साक्षीदार. उलटतपासणीत फुटत नाय."

त्यानं साक्षीदाराला फाटकावरच ठेवून घेतलं.

सरकारी वकील समाजाला लागलेल्या किडीवर लई वेळ बोलले. बाईंनी पंचनाम्यातली ती एकच ओळ वाचली. न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्याला विचारलं, "पोती वेगळी तोलली होती?" अधिकारी फाइल चाळत राहिले. माझ्याच्यानं राहवेना. मी पुटपुटलो, "बारदान!" आता मापाड्याचं पुटपुटणं म्हणजे... पंखेसुद्धा थबकले.

"कोण बोललं?"

मी उभा राहिलो. "मापाडी, साहेब."

"बसा."

बसलो. पण शब्द बसला नव्हता.

दुपारी आदेश आला. माल वीस किलोच्या वर होता याबद्दलच शंका आहे, म्हणून ती कडक अट लागत नाही. आधीचा एकही गुन्हा नाही. जामीन मंजूर, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. आणि हे मत फक्त जामिनापुरतं. म्हणजे दाजी निर्दोष आहेत असं अजून कुणी म्हटलेलं नाही. अक्का तिथंच जमिनीवर बसून रडली.

दर सोमवारी मीही दाजींबरोबर ठाण्यात जातो. पोतं काखेत असतंच. परवा जमादार वैतागले.

"अहो, जामीन झाला की! हे धूड कशाला आणता?"

"खटला बाकी आहे, साहेब," मी मोंढ्याच्या आवाजात म्हणालो. "काटा आणा, आत्ता तोलून दाखवतो."