दूध जाळायला नेणारा

दुष्काळाच्या त्या वर्षी मी नेवाशाकडच्या गावांतून दूध गोळा करायचो, ते जाळायला. दूर देशांत अणुबॉम्बच्या चाचण्या चालू होत्या. त्यांची धूळ वाऱ्यावर येऊन गवतावर बसते आणि जनावराच्या पोटातून दुधात उतरते. ती किती उतरते, ते तपासायचं होतं. नगरच्या प्रयोगशाळेत दूध आटवून, भट्टीत जाळून मी त्याची राख करायचो आणि मोजणीसाठी मुंबईला पाठवायचो.

दूध नासू नये म्हणून कॅनमध्ये थोडं फॉर्मालीन घालावं लागे. एका सकाळी एका विधवा बाईच्या अंगणातच मी बाटली उघडली. उग्र वास सुटला.

"काय वततोय रं दुधात?" शेजारचा तरणा गडी ओरडला. तो त्या बाईचा पुतण्या. आठवड्यापूर्वी त्याच्या दोन गाई फेस गाळत मेल्या होत्या.

"औषध आहे," मी म्हणालो.

पिकावर फवारायच्या विषालाही तिथं औषधच म्हणतात, हे मला सुचलंच नाही.

"ह्यानंच मारल्या माझ्या गाया!"

त्यानं कॅन लाथाडला. काठी आधी माझ्या खांद्यावर बसली, मग मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आणखी चौघं धावून आले. मी मातीत पडलो, तोंडात दूध आणि रक्त. बरगड्यांत लाथा बसत होत्या. तेवढ्यात ती बाई माझ्यावर आडवी पडली आणि पुढची काठी तिच्या कपाळावर बसली.

"काकी!" पुतण्याच्या हातून काठी गळाली.

गावाबाहेर थांबलेल्या आमच्या ड्रायव्हरला बोलावून, आमच्याच सरकारी जीपमधून त्यानं आम्हा दोघांना दवाखान्यात आणलं. वाटभर तो तिचं डोकं धरून बसला होता. पण तिथं आलेल्या दोन पोलीस शिपायांनी त्याला आवारातच पट्ट्यानं झोडपायला सुरुवात केली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. तो गुडघ्यांवर आला, तरी पट्टा थांबेना. ते बघून मला बरं वाटत होतं.

कपाळाला टाके घातलेली ती बाई म्हणाली, "सायेब, थांबवा की त्येस्नी."

मी उठलो. पण लगेच उठलो नाही. दारात जाऊन शिपायांना थांबवलं तेव्हा त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

मी तक्रार दिली नाही. गुरांच्या डॉक्टरनं पुढं सांगितलं, पाण्याविना खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं; ती खाऊन त्या गाई मेल्या होत्या. मुंबईहून उत्तर आलं, त्या गावातून आधी नेलेल्या दुधात घाबरण्यासारखं काही नाही. प्लास्टर निघाल्यावर मी ते सांगायला गेलो. पुतण्या ओट्यावर होता. मला बघताच तो उठून आत गेला.

"दूध चांगलं हाय, ते आमाला ठावं हुतं," बाई म्हणाली. "तुमी काय घालताय, तेवढं आदी सांगायचं हुतं."

मग माझ्यासमोरच तिनं धार काढायला म्हशीचं पारडू सोडलं.